साखळी एक कडी सैल

६ मार्च १९९४, रविवार
ऑन्टॅरिओ, कॅनडा

प्रिय भाऊ कोर्नेलियस,

आधी तुम्हां सगळ्यांना प्रेमाचा नमस्कार. मी अंगाने धड आहे, तुम्हीही असाल अशी आशा धरतो. इथे अजून गुडघाभर बर्फ आहे. तुमच्याकडे वाफ्यात मिरचीची रोपं वर आली असतील.

दोन वर्षं मी तुला लिहिलं नाही. हात मोडला होता असं लिहिणार होतो, पण हात मोडला नव्हता.

आगानेताला नुसता पत्ता कळवला होता, त्यावर तिचं पत्र मिळालं. तुला न विचारता लिहिलं असेल तर बायकोला रागावू नकोस, ती फक्त पंपाचं विचारते आहे. ट्रॅक्टरमागचा फवारणीचा पंप ब्रॅकेटपासून परत तुटला, ही चौथी खेप. औषधही आता जोरात फेकत नाही, आणि आपल्या पंथाच्या कॉलनीतला लोहार तुझं काम हातात घेत नाही. डिर्कने बसवला होता, त्यालाच माहीत असेल, असं लिहिते. तिच्या पत्राच्या शेवटी एक ओळ वेगळ्या शाईने आहे. त्या ओळीबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही.

तर पंपाचं. तुझ्याकडे आहे तो रोलर पंप. ट्रॅक्टरच्या मागे जो दांडा फिरतो त्यावरच तो टोपीसारखा चढतो, आत रोलर फिरतात आणि औषध पुढे ढकलतात. पाण्यात विरघळणाऱ्या औषधाला तो ठीक. आपण मारतो गंधकाची पूड. ती विरघळत नाही, नुसती तरंगते, आणि आतून वाळूसारखी घासते. म्हणून जोर गेला. तू आता पडद्याचा पंप घे, डायफ्रामचा. त्यात औषध आणि फिरणारं लोखंड यांच्यामध्ये रबरी पडदा असतो, मग पूड जाऊ दे की चिखल. चर्चच्या मंडळीची बंदी रबरी चाकांना आहे, एवढ्याशा रबराला इस्ब्रांडकाकांची हरकत नसावी.

ब्रॅकेट मोडतो तो लोखंडी चाकांमुळे, दुसरं काही नाही. चाकं दणके देतात, दणका पंपाला बसतो. अर्धा इंच जाडीचं लोखंड घे, चारऐवजी सहा बोल्ट लाव आणि जीव खाऊन आवळ. हलता कामा नये.

माझं बरं चाललंय. मिसेस हॅलडेन नावाच्या विधवा बाईंच्या शेतावर आहे, टोमॅटोचं शेत. पाच ट्रॅक्टर मी सांभाळतो.

तुझा भाऊ,
डिर्क

२७ मार्च, रविवार

कोर्नेलियस,

तुझं उत्तर नाही. पत्र जाऊन यायला दोन-अडीच आठवडे लागतात हे मला कळतं, तरी रोज पेटीत हात घालतो.

पाच ट्रॅक्टर मी सांभाळत नाही. मी ते धुतो. आणि टोमॅटोची खोकी धुतो. दोन वर्षांतली ही माझी सहावी जागा. कुठेही चार-पाच महिने झाले की पाय वळवळतात. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "किती दिवस टिकणार?" मी म्हटलं, "तुम्ही ठेवाल तितके." त्या म्हणाल्या, "मी ठेवायचं म्हणते रे, पण तुझं बोचकं तर सुटलेलं दिसत नाही."

आता ती ओळ. आगानेताने लिहिलंय, "ते अजून खिडकीखालच्या छोट्या टेबलावर एकटेच जेवतात."

मी ती ओळ खिशात घालून हिंडतो आहे. मंडळीतून काढलेल्याचं ते टेबल. मला वाटलं होतं सहा महिन्यांत तुला मंडळीत परत घेतलं असेल. सगळ्यांनाच घेतात. पेन्नरने रेडिओ ठेवला होता, त्याने गुरुवारच्या बैठकीत गुडघे टेकले, चुकलो म्हणाला आणि रविवारी पूर्वीच्या बाकावर जाऊन बसला. तूही टेकशील, मिटेल, असं मी स्वतःला सांगत होतो. आगानेता लिहिते, गुडघे टेकायला तू तयार आहेस, पण "मी केलं" असं म्हणायला नाहीस. कारण तू केलं नाहीस. आणि कोणी केलं तेही सांगत नाहीस.

मी केलं. पहिल्यांदाच लिहितो आहे. लिहिताना कागद फाटला म्हणून हा दुसरा.

तुला माहीत नसलेलं त्यातलं थोडंच आहे, तरी सगळं मांडतो. त्या मेमध्ये ब्रॅकेट तिसऱ्यांदा मोडला होता, रोपांवर भुरी पडली होती, आणि तू आगानेताला घेऊन सुइणीकडे गेला होतास. जाताना म्हणालास, "मी येईपर्यंत थांब." मी कधी थांबलोय? डबडं झालेला ट्रॅक्टर घेऊन मी कुंपणापलीकडे डॉन एलिसेओकडे गेलो. त्याचा ट्रॅक्टरही तसलाच. ब्रॅकेट त्याने जोडून दिला आणि माझ्याकडे बघून हसायला लागला. म्हणाला, "पोरा, तुमची ती लोखंडी चाकं असली तर हा उद्या परत मोडणार. काढ ती, माझी रबरी चढव. तुमचा देव दुपारचा झोपत असेलच की."

चाकं बदलायला दोघांना दुपार गेली. दुसऱ्या दिवशी सगळं शेत फवारलं. काय चालला रे ट्रॅक्टर. गादीवर बसल्यासारखं. ब्रॅकेटला तडासुद्धा नाही. संध्याकाळी परत लोखंडी चाकं चढवली आणि हात धुऊन मोकळा झालो. शेताच्या टोकाला पाट फुटून चिखल झाला होता आणि त्यात रबरी चाकाचा ठसा उमटला होता, तो मी बघितलाच नाही.

तो बघितला मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी, इस्ब्रांडकाकांनी. शनिवारी ते बग्गीतून आले तेव्हा तू नुकताच घरी आला होतास, बाही वर केलेली, बाळाचं दूध खांद्यावर सांडलेलं.

"कोर्नेलियस, हे ठसे कसले?"

"चाकांचे, काका."

"कुठल्या चाकांचे?"

"दिसतंय की."

"दिसतंय म्हणूनच विचारतोय. कोणी घातली?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी दांड्याला ग्रीस लावत होतो. आधीच लावलेल्या ग्रीसवर लावत होतो.

"शेत माझं आहे," तू म्हणालास. "ट्रॅक्टरही माझा आहे."

"मी विचारलं काय आणि तू सांगतोस काय."

"मला जे सांगायचं ते सांगितलं, काका."

ते गेल्यावर गोठ्यात तू मला एवढंच म्हणालास, "आठ दिवसांनी पेंटेकॉस्टचा सण आहे, तुझा बाप्तिस्मा आहे. तो झाल्याशिवाय ग्रेताचा बाप लग्नाचं विचारायला तुला दारात उभं करणार नाही. डोक्यावर एकदा पाणी पडू दे. मग बघू." बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणजे मी मंडळीत नव्हतोच. मला काढणार कुठून? फार तर एक वर्ष थांबायला सांगितलं असतं. तू आत होतास, पुढच्या बाकावर बसून गाणं उचलणारा होतास, म्हणून तुला बाहेर काढता आलं. हा हिशोब तेव्हा मला कळत होता. मी ग्रीस लावत राहिलो.

आणि पेंटेकॉस्टच्या आदल्या सकाळी दुधाच्या ट्रकमधून पळालो. उभं करून विचारतात ना, मन स्वच्छ आहे का? "हो" म्हणता येईना. "नाही" म्हणायची छाती नव्हती. पळायची होती.

तू ज्याच्यासाठी बाहेर गेलास तो बाप्तिस्मा झालाच नाही. तुझ्या जागी आता कोण गातो?

डिर्क

१० एप्रिल, रविवार

कोर्नेलियस,

सहा बोल्टांचं मी लिहिलं होतं ते करू नकोस. केलं असशील तर हे वाचून झाल्यावर लगेच सोड. आधी हे, मग बाकीचं.

बाईंचा एक छोटा फवारा आहे, बांधावरच्या तणासाठी. त्याचा पंप गेला, नवीन रोलर पंप आला. मी म्हटलं, मी बसवतो. खोकी धुऊन कंटाळलो होतो आणि मला दाखवायचं होतं. मी लोखंडी पट्टी कापली, भोकं पाडली आणि पंप पट्टीला, पट्टी ट्रॅक्टरला, असा आवळत होतो. आपल्याकडे केला होता तसाच. मागून बाई आल्या. सत्तरीच्या आहेत, पुरुषासारखी पँट घालतात, आणि यंत्राचा आवाज ऐकून कुठला नट सैल आहे ते सांगतात.

"काय करतोयस?"

"पंप बसवतोय, बाई."

"बसवतोयस की पुरतोयस?"

मी म्हटलं, "हलायला नको म्हणून."

"हलायला नको? कैदी आहे का तो? अरे, दांडा कधी नाकासमोर फिरत नाही. थोडा लटपटतोच. पंपाला त्याच्याबरोबर लटपटू द्यायचं. असा जखडलास तर दांडा एकीकडे ओढणार, पट्टी दुसरीकडे, आणि मध्ये जे कच्चं असेल ते मोडणार. त्याला फक्त दांड्याबरोबर गरगरा फिरू द्यायचं नाही. साखळी त्यासाठीच तर देतात. साखळी कुठाय?"

"कसली साखळी?"

डेल्रॉय तिथेच खोक्यावर बसून पाव खात होता. तो जमैकाचा आहे, बाईंकडे अकरा वर्षं येतोय. त्याने पंपाचा डबा पालथा केला. हातभर साखळी खाली पडली.

"ही घे," तो म्हणाला. "तुमच्या गावाकडे हिचं काय करतात रे? गळ्यात घालतात?"

बाई हसल्या. मीही हसलो. मग ती साखळी हातात घेतली.

कोर्नेलियस, आपल्या पंपाच्या डब्यातही ही साखळी होती. तूच ती हातात धरून विचारलं होतंस, "डिर्क, ही कशाची?" मी म्हणालो, उचलायला दिली असेल. तू म्हणालास, "पुस्तिकेत बघ ना." पुस्तिका इंग्रजीत. मला शाळेतली बायबलची जर्मन तेवढी येते आणि तीही बोट ठेवून. पण पुस्तिकेत चित्र होतं. चित्रात साखळी होती. ते मी बघितलं होतं. तुझ्यासमोर मला कळलं नाही असं म्हणवेना, म्हणून म्हणालो, "लोखंडाचं मला कळतं, तू आपली गाणी म्हण." आणि ती साखळी मी अंगणाच्या फाटकाला लावली, कारण त्याची कडी तुटली होती. तू म्हणालास, चला, कशाला तरी कामी आली.

म्हणजे चाकांचा दोष नव्हताच. लोखंडी चाकांवरही तो पंप वर्षानुवर्षं चालला असता, नुसता साखळीवर टांगलेला. एलिसेओच्या रबराची गरज नव्हती. ठसा उमटला नसता. इस्ब्रांडकाका बग्गीतून सरळ पुढे गेले असते. मी इतके दिवस मनाशी म्हणत होतो की नियमच वेडा आहे, नियमाने आपल्याला अडवलं, मी काय करणार. तो आधार होता मला. आता तोही गेला.

बाईंनी विचारलं, "काय झालं रे तुला? साखळी बघून कोणी रडतं का?" मी म्हटलं, डोळ्यात कीस गेला.

डिर्क

२४ एप्रिल, रविवार

कोर्नेलियस,

या पत्राबरोबर एक पार्सल आहे. त्यात नवीन रोलर आणि सील आहेत. डायफ्रामचा पंप घेऊ नकोस. तेही मी मोठेपणाने लिहिलं होतं. पंप उत्तमच, पूड त्याला काही करत नाही. पण परवा डेल्रॉय आणि मी बाईंच्या मोठ्या फवाऱ्यावर तसला एक चढवला, तेव्हा दोघांच्या कमरा लागल्या. चाळीस किलो. एकाने पेलून धरायचा आणि दुसऱ्याने खाली वाकून बोल्ट घालायचा. मी खालून बोल्ट घालत होतो आणि एकदम मनात आलं, तुझ्याकडे दुसरं टोक कोण धरणार? लोहार येत नाही. पेन्नर येणार नाही. आगानेताने ते उचलायचं का?

तुझा रोलर पंप सात किलोंचा आहे. एका माणसाला एका हाताने चढवता येतो. तू तोच ठेव.

असं कर. जुना ब्रॅकेट सगळा काढून टाक. दांडा पुसून ग्रीस लाव, जास्त नको. पंप सरळ आत सरकव, हातोडा मारू नकोस, न सरकला तर दांड्यावर कुठे तरी दात चेपलाय, कानस फिरव. स्क्रू आवळ. मग फाटकाची साखळी काढ. एक टोक पंपाच्या कानात, दुसरं ट्रॅक्टरच्या मागच्या ओढणीच्या लोखंडाला. पंप ज्या दिशेने फिरायला बघेल तिच्याकडून साखळी ताणली गेली पाहिजे, ढिली पडता कामा नये. मात्र अगदी तारेसारखी ताणू नकोस. एक कडी सैल ठेव. ट्रॅक्टर बंद असताना पंप हाताने हलवून बघ. थोडा डुगडुगला पाहिजे. डुगडुगला की समज, बरोबर बसला.

पूड आधी बादलीत कालवून दोन फडक्यांतून गाळ. फवारणी झाली की त्याच दिवशी स्वच्छ पाणी फिरव. मी कधीच फिरवलं नाही, कंटाळा यायचा. रोलर खाल्ले गेले त्यात अर्धा वाटा माझ्या कंटाळ्याचा.

आत एक दुसरं पाकीट आहे, इस्ब्रांडकाकांच्या नावाचं. ते मी चिकटवलं नाही. तू वाच, मग आगानेताला त्यांच्याकडे घेऊन जायला सांग. त्यात फार नाही. रबरी चाकं मी घातली, कोर्नेलियस घरी नव्हता, त्याला विचारलं नव्हतं, त्यांनी विचारलं तेव्हा मी तिथेच हातभर अंतरावर होतो, आणि कोर्नेलियस खोटं बोलला नाही, मी गप्प बसलो. जर्मन चुकलं असेल. नऊ वेळा लिहिलं. बाईंनी विचारलं, प्रेमपत्र आहे का? मी म्हटलं, हो.

डिर्क

१८ मे, बुधवार
डॉन एलिसेओच्या घरून

कोर्नेलियस,

पत्ता बघून दचकू नकोस. मी कुंपणापलीकडेच आहे. हे पत्र सकाळच्या दुधाच्या ट्रकबरोबर देतोय. तोच ट्रक, ड्रायव्हरही तोच. काल येताना मला बघून म्हणाला, "या वेळी उलट्या दिशेने का?"

आगानेताचं उत्तर मला तिकडे मिळालं. इस्ब्रांडकाकांनी माझं पत्र दोनदा वाचलं, घडी घालून परत तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "कागदाला गुडघे नसतात." मला आधी फार राग आला. रात्रभर त्यांना शिव्या घातल्या. सकाळी खोकी धुताना वाटलं, खरं आहे. मी कागद पुढे करून परत मागेच उभा राहिलो होतो.

बाईंना सांगितलं तर त्या भडकल्या. "लावणीच्या तोंडावर? आता? मला वाटलंच होतं, तुझं बोचकं कधी सुटलंच नाही." मी म्हटलं, या वेळी पळत नाहीये, परत जातोय. मग सगळं सांगितलं. चाकं, ठसा, साखळी. त्यांनी हातातला पाना पुसून खिशात ठेवला. मग म्हणाल्या, "चाकांसाठी माणसाला घराबाहेर काढणारे तुझे लोक मला काही कळत नाहीत. पण तुझा भाऊ कळतो." आणि स्टँडपर्यंत स्वतः सोडायला आल्या. डेल्रॉयने पंपाच्या डब्यातली एक जास्तीची साखळी माझ्या पिशवीत कोंबली. म्हणाला, "गळ्यात घाल."

एलिसेओला मी म्हटलं, तुमची चाकं घेतली त्याचं काय झालं माहीत आहे का? त्याला काहीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "तुझा भाऊ दोन वर्षं माझ्याशी कुंपणावरून बोलतो. पाऊस बोलतो, मिरची बोलतो. हे कधीच बोलला नाही." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. काल दुपारी त्याच्या माडीवरून मला तुझा ट्रॅक्टर दिसला. लांबून पंप दिसत नाही, पण फवारा दोन्ही टोकांना सारखा पडत होता, आणि तू पूर्ण तास मध्ये एकदाही उतरला नाहीस.

उद्या गुरुवार. बैठकीला मी दारात उभा राहीन. आत घेतील की नाही माहीत नाही, मी त्यांचा कोणी नाही. आत घेतलं तर गुडघे टेकून सांगेन, नाही घेतलं तर दारातून ओरडून सांगेन, सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं. तू येऊ नकोस. तू माझ्याकडे बघितलंस तर मी परत ग्रीस लावायला लागेन. ग्रेता तिच्या नवऱ्याबरोबर तिथे असेल तर तिलाही ऐकू जाईल. जाऊ दे.

त्यानंतर ते तुला लगेच घेतील असं मी धरून चालत नाही. इस्ब्रांडकाका तुला विचारतील, दोन वर्षं का बोलला नाहीस. त्याचं उत्तर तुझं तू दे.

मला दुसरंच सांगायचंय. मंडळीतलं कोणी तुझ्याबरोबर एका टेबलावर जेवू शकत नाही. पेन्नर नाही, आई असती तर आईसुद्धा नाही. आगानेता तुला वाढते आणि मोठ्या टेबलावर जाऊन बसते. पण मी मंडळीत कधी गेलोच नाही. मला ती बंदी कधीच नव्हती. घरातल्या मोठ्या माणसांत तुझ्यासमोर बसून जेवायला कोणालाही विचारावं न लागणारा मी एकटा होतो, आणि दोन वर्षं मी कॅनडात खोकी धूत होतो. हे मला बसमध्ये सुचलं, सीमेवरच्या एल पासोच्या अलीकडे. इतके दिवस कसं सुचलं नाही, की सुचू दिलं नाही, ते कळत नाही.

मला घरात घ्यायचं नसेल तर फाटकाला माझ्या पिशवीतली नवी साखळी लावायला तू मोकळा आहेस, मी बाहेरून देईन. नसेल लावायची तर आज संध्याकाळी, उद्याच्या बैठकीच्या आधीच, तुम्ही जेवायला बसता त्या वेळी येतो. आगानेताला सांग, छोट्या टेबलाला दुसरी खुर्ची नसेल तर दुधाचा रिकामा कॅन उलटा घालून ठेव. मी त्यावर बसेन.

तुझा भाऊ,
डिर्क